परातवाल्यांचा हंगाम

आधीच सांगून टाकते, डफ मी जाळला. तो उंदरांनी कुरतडला नव्हता, कुणाच्या हातून पडला नव्हता, पावसाने सादळून फाटलाही नव्हता. डोक्यात हवा आणि बाह्यांत फुगे भरलेली पंधरा वर्षांची मी, तो दुसऱ्याच्या मालकीचा डफ आईच्या चुलीवर भाकरीसारखा ठेवला आणि आरशात तोंड बघायला गेले.

इतक्या वर्षांनी हे कबूल करायचं कारण माझी नात रेवा. ती कॅनडात असते आणि रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. चौघीजणींचा बँड. सुरुवात झाली एकीच्या बापाच्या गॅरेजात, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत हातमोजे घालून वाजवणाऱ्या या पोरी. मग कॉलेजच्या कँटीनमध्ये कार्यक्रम, ऐकायला फक्त कँटीनमधली भांडी घासणारी माणसं. मग एका खटारा गाडीत ढोल-ताशे, अंथरूण-पांघरूण घालून गावोगाव हिंडणं. आणि आता? आता हजारो माणसं यांची गाणी यांच्याआधी म्हणतात. मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा रेवाला मुलाखतीत विचारलं, "तू ताल कुठे शिकलीस?" तर ही कार्टी म्हणाली, "माझी आजी मुंबईत परात वाजवायची. डफ पुरुषांचा समजला जायचा, म्हणून तिने तो मुद्दाम नाकारला आणि स्वयंपाकघरातली परात उचलली. ते तिचं बंड होतं."

बंड! मुद्दाम! मी खुर्चीतून पडायचीच राहिले.

"आजी, तू तर व्हायरल झालीस," रेवाचा फोन.

"अगं पण असं काही झालंच नव्हतं."

"मग कसं झालं होतं?"

"येशील तेव्हा सांगेन," म्हटलं. पण ती येणार कधी, आणि तोवर मी असणार की नाही, याची खात्री आमच्या डॉक्टरलाही नाही. म्हणून लिहून ठेवते.

शिवाय दिवसही तेच आलेत. श्रावण उतरणीला लागलाय, काळाचौकीत मांडवांचे बांबू पडलेत आणि खाली बेंजोवाल्यांचा सराव सुरू झालाय. आमची चाळ पाडून तिथेच हा टॉवर उभा राहिला. इतक्या उंचावर डास येत नाहीत, भाजीवाल्याची हाक येत नाही, पण ताशाची काडी बरोबर येते. संध्याकाळी ती वाजायला लागली की माझी बोटं आपोआप खुर्चीच्या हातावर फिरतात. सून म्हणते, "आई, हात थरथरतात का? दाखवून येऊ या." मी म्हणते, "थरथरत नाहीत गं, सराव चाललाय."

तेव्हा आम्ही चाळीच्या तळमजल्यावर राहायचो. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. आई खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार आमच्याकडे दोन वेळ जेवायचे. दुपारी पाळी बदलली, शेवटची पंगत उठली की खोली मोकळी व्हायची आणि मग तिथे आमचा मेळा भरायचा. मेळा म्हणजे आम्ही तिघी. कुसुमचा गळा असा, की तिने तान घेतली की नळावरच्या बायका भरलेले हंडे डोक्यावर घेऊनच उभ्या राहायच्या. शांता समोरच्या चाळीतली. तिचा मामा आंबेडकरी जलशांतून गावोगाव गायलेला, त्यामुळे शब्द तिच्या घरात पाण्यासारखे वाहायचे. ती बोलता बोलता गाणं रचायची. आणि मी? मी गायला तोंड उघडलं की आई आतून ओरडायची, "मांजराक दूध घाल गो कोणीतरी!" म्हणून माझ्याकडे डफ दिला. गळा नसलेल्याला हात तरी असतील, असा त्यामागे विचार.

शांता पहिल्यांदा आमच्या पंगतीला बसली, तेव्हा गावाकडून नवीनच आलेला एकजण ताट घेऊन उठला. आईने वाढता हात थांबवला नाही. "उठलंस? बरा झाला. उद्यापासून तुजा पान मांडूचा नाय," एवढंच म्हणाली आणि शांताच्या ताटात आमटी ओतली. तो माणूस दोन दिवस कुठे तरी पाव खाऊन राहिला आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने शांताच्या शेजारी येऊन बसला. आईच्या तिरफळाच्या आमटीपुढे भल्याभल्यांचा ताठा टिकत नसे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. भिंतींवर घोषणा, कोपऱ्याकोपऱ्यावर सभा, संप, मोर्चे. मोठ्यांच्या बोलण्यात लाठी आणि गोळी हे शब्द रोजच्या भाजीसारखे यायचे. शाहिरांच्या मागे माणसं वेड्यासारखी धावत होती. आम्हालाही वाटायचं, आपणही उभं राहावं. कुसुमला महाराष्ट्रासाठी, शांताला न्यायासाठी. मला मात्र, खोटं कशाला बोलू, लोकांनी बघावं म्हणून. मी फुग्याच्या बाह्यांचा पोलका शिवून घेतला होता आणि कलावंताने हसावं कसं याचा सराव चालवला होता. मान थोडी तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. तेव्हाचा एक फोटो आहे. त्यात मी कलावंतासारखी दिसत नाही, दाढ दुखत असल्यासारखी दिसते.

पण बाबा नाराज होते. मागांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं आणि तेही स्वतः ओरडूनच बोलायचे, त्यामुळे आमच्या घरातलं कुठलंच गुपित कधी गुपित राहिलं नाही. त्यांनी सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं होतं, "ह्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत काय ता वाजव. मगे बंद. दिवाळी झाली काय तुका गावाक आजयेकडे धाडतलंय."

गावाला म्हणजे कशाला, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आजीने स्थळ बघून ठेवलेलं होतं. शांतालाही दिवाळीनंतर शाळा सोडवून कामाला लावणार होते, आणि कुसुमची आई तिला एकटीला पाठवणार नव्हती. म्हणजे मेळ्याचं आयुष्य ठरलं, एक हंगाम. माझंही.

तर पहिला कार्यक्रम आमच्याच चाळीच्या गणपतीपुढे. हवा दमट, डफाचं कातडं सैल पडलेलं, थाप मारली की ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा आवाज. डफ शांताच्या मामांचा. त्यांनी बजावून सांगितलं होतं, "पोरी, आच दाखवायची, शेकायचं नाही. हातात धरून फिरवत राहायचं आणि बोटाने वाजवून बघायचं. हात सोडायचा नाही."

हात सोडायचा नाही हे मला कळलं होतं. पण मला दोन्ही हात लागत होते ना, पावडर लावायला! मी डफ चुलीवरच्या निखाऱ्यांवर टेकवला आणि पलीकडे आरशापुढे उभी राहिले. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले.

खानावळीत पंगत बसली होती. गणपतीचे दिवस, सगळं शाकाहारी. वाटाण्याची उसळ, अळूवडी. आणि एकदम पंगतीतल्या गुणाजीने नाक वर केलं.

"बाये, आज सागुती काय गो?"

"गणपतीत?" आई कडाडली. "तुजा नाक कुजला की काय?"

"नाय गो, खरांच वास येता. बकऱ्याचोच."

सगळी पंगत हुंगायला लागली. शेजारच्या खोलीतून म्हातारी काठी टेकत आली, "कोण गो ती धर्मबुडवी?" आणि तेवढ्यात चुलीवर बंदुकीची गोळी सुटावी तसा आवाज झाला. फट्! डफाच्या मध्यभागी हाताच्या पंजाएवढं भोक, कडा काळ्या होऊन वळलेल्या.

"सुमेऽऽ! डफाक भाकरी समाजलंस काय गो?" आई माझ्यावर ओरडली.

कुसुम रडायलाच लागली. "मी जाते घरी."

शांताने मात्र डफाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या अर्ध्याच गालाला लागलेल्या पावडरीकडे बघितलं. "डफ जळालाय. आपली तोंडं जळाली नाहीत ना? चला. ही काही तरी वाजवेल."

काही तरी म्हणजे काय? समोर होती आईची पितळेची परात. पंगतीच्या भाकऱ्यांचं पीठ हिच्यात मळलं जायचं. लग्नात माहेरून आलेली, त्यामुळे आईच्या जिवापेक्षा थोडीच कमी. आणि दाराला अडकण म्हणून लावलेला बाबांचा जुना धोटा. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. मी दोन्ही उचललं. आई म्हणाली, "व्हर. पण परातीक पोचो पडलो, तर घरात पाऊल टाकू नको."

मांडवात उभ्या राहिलो. मी परात छातीशी धरलेली. पहिली आरोळी मागून आली.

"जेवण वाढतात वाटतं!"

"दोन भाकऱ्या माका गो!"

"चटणी आसा काय?"

हशा असा उसळला की गणपतीच्या मखरातले दिवे हलले. कुसुमचं ते देवाचं नाजूक गाणं ओठांपाशीच मेलं. मला रडू यायला हवं होतं, पण मला आला राग. माझी पावडर, माझ्या बाह्या, माझी तिरकी मान, सगळं पाण्यात! मी धोटा परातीवर हाणला. आणि रागावलेल्या माणसाला सुचत नाही, हात जे ओळखीचं तेच करतात. घरात जेवताना, झोपताना, बसल्या बसल्या बाबांची बोटं मांडीवर जे वाजवायची, तेच माझ्या हातातून निघालं. खटाक-खट, खटाक-खट, खटाक-खट.

हशा थांबला. असा थांबला, जसा पट्टा तुटल्यावर माग थांबतो.

पुढे बसलेले साचेवाले पाठ ताठ करून बसले. एकाचा पाय हलायला लागला. मग शेजारच्याचा. आणि एक म्हातारा विणकर उभा राहून ओरडला, "साचो लागलो रे!"

दिवसभर जो आवाज ऐकून डोकी उठायची, तोच आवाज चाळीतल्या पोरीच्या हातातून आला आणि माणसांना तो आपला वाटला. असं का व्हावं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आजही नीट सांगता येत नाही. शांताने मात्र क्षण वाया घालवला नाही. ठरलेलं गाणं बाजूला सारून तिने जागच्या जागी त्या तालावर शब्द फेकले:

"धागा तुटला, गाठ मार, गाठ सुटली, पुन्हा मार,
मुंबईचं हे लुगडं, बाई, आम्हीच आता विणणार!"

कुसुमने ती ओळ झेलून वरच्या पट्टीत नेली. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या गॅलऱ्या भरल्या. ती ओळ आम्ही किती वेळा म्हटली ठाऊक नाही, थांबूच देईनात. मेळ्याला आम्ही एक अतिशय सोज्वळ, संस्कृत नाव ठेवलं होतं. ते त्या संध्याकाळनंतर कुणी उच्चारलं नाही. आम्ही परातवाल्या झालो.

डफाचं मामांना सांगायला मी शांताच्या पाठीमागे लपून गेले. त्यांनी जळका डफ उलटा-सुलटा केला. "कडं शाबूत आहे. कातडं चढवू नवं," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पण तुला नाही देणार. तू परातच वाजव."

आणि मग आम्हाला पाय फुटले. लालबागला गेलो, तर गॅलऱ्यांतल्या बायका घरातून ताटं-पळ्या घेऊन आल्या आणि अख्खी चाळ आमच्याबरोबर वाजायला लागली. वरळी कोळीवाड्यात बायकांनी आम्हाला मध्ये उभं करून भोवती फेर धरला आणि निघताना सुक्या बोंबलांची पाटी दिली. गणपती नुकतेच उठले होते, त्यामुळे त्या रात्री गुणाजीचं नाक सुखावलं. दादरच्या हिंदमाता बाजारातल्या दुकानातून चाळीतल्या बायकांनी तिघींना एकाच काठाची लुगडी आणली. गिरगावात एका सभागृहात बोलावणं आलं. पुढच्या रांगेत कडक इस्त्रीची माणसं. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "ताल जरा रांगडा आहे, नाही का?" त्यांच्या शेजारी त्यांची म्हातारी आई होती. दुसऱ्या कडव्याला तिने पिशवीतून पूजेचं तबक काढलं आणि काठीच्या मुठीने बडवायला लागली. गृहस्थ आईकडे बघत राहिले. त्यांचा रांगडेपणा घरातच निघाला!

माझं मात्र डोकं फिरायला लागलं. मी चालताना हनुवटी वर ठेवायला लागले, त्यामुळे चाळीच्या पायरीवर दोनदा आपटले. दादरला कार्यक्रम संपल्यावर एक बाई गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आल्या आपल्या चाहत्या. मी मान तिरकी केली, डोळे अर्धे मिटले. बाईंनी माझ्या हातातली परात घेतली, उलटी केली, बोटाच्या पेराने वाजवून बघितली. "जड आहे हो. कुठल्या भांडीवाल्याकडची?" विचारून परात माझ्या हातात परत देऊन निघून गेल्या. माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. रेवा, तुझ्या त्या जगप्रसिद्ध बंडखोर आजीची पहिली चाहती ही अशी.

घरी मात्र वारं वेगळं होतं. साचेखात्यात आवाजामुळे बोलता येत नसे, सगळं हाताच्या खुणांनी चालायचं. बाबांच्या पलीकडच्या मागावरच्याने हवेत मोठं वाटोळं काढलं, त्यावर काठी मारल्यासारखं केलं आणि पाठीवर दोन वेण्या सोडल्या. बाबा तोवर दुसऱ्या पाळीला, एकही कार्यक्रम बघितलेला नाही; त्यांना तेव्हा कळलं. पोरगी गावभर परात बडवत हिंडते. ते घरी आले ते न ओरडता बसले. बाबा ओरडले नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाले, "डफ तरी वाद्य आसा. परात म्हंजे काय, भीक मागतास?" आणि आईला, "दिवाळीची वाट बघूक नको. मैदानावरची सभा झाली काय धाड हिका."

मैदानावरची सभा सगळ्यांत मोठी होती. मोठ्या पुढाऱ्यांची भाषणं, आणि भाषणांआधी आम्ही. माझ्या लेखी तो पहिला मोठा कार्यक्रमही होता आणि शेवटचाही. कुसुम म्हणाली, "तू नसलीस तर आम्ही गाणार नाही." शांता म्हणाली, "रडायचं ते उद्या. आज वाजव."

मैदानात माणूसच माणूस. बांबूंवर फळ्या टाकून केलेला मंच, पाऊल टाकलं की सगळा नाचायचा. चढताना मला बाबा दिसले. पाळीवरून तसेच आलेले, केसांत कापूस. ते मंचाच्या कडेला, फळीला हात टेकून उभे होते. बाबांना काय ऐकू येणार? लाउडस्पीकर कानाला लावला असता तरी त्यांना ऐकू आलं नसतं. मला वाटलं, मला इथूनच गाडीत बसवायला आले असतील.

त्या दिवशी मी मान तिरकी केली नाही. डोळे सताड उघडे ठेवले. परात छातीशी नाही, मंचाच्या फळीवरच ठेवली आणि दोन्ही हातांनी धोटा धरून वाजवली. खटाक-खट. मैदान उठलं. बायकांनी ताटं आणली होती, पुरुषांनी हातावर हात मारले, कडेला बंदोबस्ताला उभ्या असलेल्या हवालदाराची काठी जमिनीवर ठेका धरायला लागली आणि साहेबाने बघितल्यावर थांबली, साहेब वळल्यावर पुन्हा सुरू झाली. कुसुमचा आवाज पार मैदानापलीकडच्या चाळींवर आपटून परत येत होता. "आम्हीच आता विणणार!" आणि हजारो तोंडांतून, "विणणार!" पुढे राज्य झालं तेव्हा रोषणाई बघायला आम्ही तिघी हातात हात घालून फिरलो, खूप नाचलो. पण माझ्या मनात राज्य आलं ते त्या संध्याकाळी, त्या हलत्या फळ्यांवर.

मध्येच मी कडेला बघितलं. बाबांचा तळवा फळीवर सपाट टेकलेला होता. मी धोटा मारला की फळी हलत होती, फळी हलली की त्यांचा हात. डोळे मिटलेले. आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चालली होती, खटाक-खट, खटाक-खट, माझ्याबरोबर, एकही ठोका न चुकवता.

कार्यक्रम संपला तेव्हा परातीच्या मधोमध वाटीएवढा खड्डा पडला होता. मी ती पदराखाली लपवून खाली उतरले. बाबा समोर. त्यांनी पदर बाजूला केला, परात बघितली, खड्ड्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे निम्म्या मैदानाला ऐकू जाईल अशा, मला म्हणाले:

"चेडवा, तुजां गाणां आज माका ऐकाक इलां. गावाक जाव नको. पण परातीक पोचो पडलो, ता आवशीक तूच सांग."